आऱ्या उतरल्यात

ठकुआत्याच्या डाव्या मनगटावर पुरुषी घड्याळ असायचं, आणि ते कधी मिनिटभर मागं नसायचं की पुढं नसायचं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण गावातले बागायतदार तिच्यापेक्षा त्या घड्याळालाच जास्त बिचकायचे. खुरपणीच्या बायांची टोळी घेऊन ती सकाळी नऊला बांधावर हजर असायची. संध्याकाळी पाच वाजले की खुरप्याची माती अंगठ्यानं काढायची आणि हाक द्यायची, "उठा गं. पाच वाजलं." ओळ अर्धी राहिली तर राहिली. एखादा मालक गोडीत यायचा, "आत्या, येवढा वाफा उरकून टाका की. दिस अजून वर हाय." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "दिस तुमचा. घड्याळ माजं."

घड्याळ बघायला ती प्रौढांच्या वर्गात शिकली, पन्नाशी उलटल्यावर. आधी आकडे शिकली, अक्षरं मागाहून. आकडे कशासाठी हे तिला पक्कं ठाऊक होतं. या वयात अक्षरं कशाला, असं कुणी चिडवलं तर म्हणायची, "कुनी काय लिवलंय त्ये बघाया नको व्हय?"

गाव आळ्याच्या अलीकडचं. ती तिथल्या बौद्ध वस्तीतली, गावचीच लेक. नवरा लवकर वारला तेव्हा लहान मुलीला घेऊन माहेरी आली ती कायमची, म्हणून सगळ्या गावाची आत्या. मी तिथं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कृषी सहायक म्हणून गेलो. वय सव्वीस, हाती पदविका, खिशाला दोन पेनं आणि बोलायची भारी हौस. आज त्या पोराला बघितलं असतं तर मीच त्याला गप्प बस म्हणालो असतो.

माझ्याकडं भुईमुगाचं काम होतं. भुईमुगाचं फूल वर लागतं आणि शेंग मातीत, एवढं सगळ्यांना माहीत असतं. मधला प्रवास फारसा कुणी बघत नाही, कूट खाणारे तर नाहीच नाही. पिवळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मलूल होतं. मग त्याच्या बुडातून एक देठ निघतो. त्या देठाच्या टोकाशी, सुईच्या अग्राएवढ्या जागेत, उद्याची शेंग असते. देठ वाकतो, वाढत वाढत खाली येतो, मातीत शिरतो आणि तिथं शेंग धरतो. आमच्या पुस्तकात फुलातल्या स्त्री-भागाला तोलून धरणाऱ्या अशा देठाला जायांगधर म्हणतात. पहिल्याच आठवड्यात बांधावर उभं राहून हा शब्द मी बायांना ऐकवला. ठकुआत्या तळहातावर तंबाखू मळत होती. ती म्हणाली, "सायेब, त्यो बारका देठ. त्याच्यावं येवढा शब्द लादू नका, मोडंल. आमी आरी म्हनतो."

बाया फिदीफिदी हसल्या. मी ओशाळून वहीत बघितलं. अडचणीच्या वेळी वहीत बघायची ती सवय पुढं मला फार नडली.

आरी ओळखायचं तिचं एक हत्यार होतं, जुन्या छत्रीची काडी. शेतात खुरपं घालण्याआधी ती एकटी आत जायची, चपला बांधावर ठेवून. ओळीत बसायची, काडी फांदीखाली घालायची आणि फांदी बोटभर उचलायची, त्याहून जास्त नाही. हातानं उचललं की झाड हिसकतं, काडीला ते कळत नाही, असं तिचं म्हणणं. दहा-बारा ठिकाणी बघून ती बाहेर यायची आणि निकाल द्यायची. आऱ्या अजून अधांतरी असल्या तर "चला गं आत." मातीला लागल्या असल्या तर "आऱ्या उतरल्यात. आता हितं बाईचं काम न्हाई." मग मालकानं पाय धरले तरी तिची टोळी त्या शेतात खुरपं घालत नसे. गवत दिसलंच तर मोठं मोठं विळ्यानं वरच्यावर कापून द्यायची. "फुलानं लेकरू देठावं बसवून भुईत सोडलंय. आता भुई हालवायची न्हाई," एवढंच सांगायची.

मला ती आधी 'सायेब' म्हणायची. 'भाऊ' म्हणायला लागली ती पिंपामुळं. फुलं भरात आली की दोनशे लिटरचं रिकामं पिंप उभ्या पिकावरून लोळवायचं, म्हणजे फांद्या जमिनीला टेकतात आणि वरच्या आऱ्यांनाही माती गाठता येते, अशी आमची शिफारस. मी पिंप घेऊन गेलो तेव्हा ती आडवीच झाली. "उभ्या पिकावं पिंप? डोस्कं ठिकान्यावं हाय का? पोटुशीच्या अंगावं कुनी जातं लोटतं का?" मी दोन ओळींची भीक मागितली. तिनं दोन दिल्या, त्याही बांधाकडच्या, मरतुकड्या. वीस दिवसांनी काडी घेऊन ती त्या दोन ओळींत एवढा वेळ बसली, की मला वाटलं बाईला चक्कर आली. मग उठून माझ्यापाशी आली. "लई शानं हाय तुमचं पिंप, भाऊ. मीच येडी." चूक कबूल करायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. हेही मी पुढं पुष्कळदा आठवलं.

तिची लेक मढला दिली होती. उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा तिथून येताना ती पदरात वाघाटीची फुलं बांधून घेऊन आली, माझ्यासाठी. वाघाटीची फळं भाजीला चालतात हे मला माहीत होतं, फूल कधी नीट बघितलं नव्हतं. पांढऱ्या पाकळ्या, लांब झुबकेदार केसर, आणि त्यांच्यामधून वर आलेला एक देठ, टोकाशी हिरवा मणी. "बघा भाऊ. बाकीची फुलं लेकराला बुडाशी धरून बसत्यात. हिनं देठावं वर धरलंय, आन् भुईमूग खाली सोडतोय. दोघांचा देठ मोडला तर लेकरू गेलंच." पदविकेची दोन वर्षं मी जायांगधराची व्याख्या घोकली होती, पण ही दोन फुलं शेजारी ठेवून बघायचं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. ती फुलं दाखवायला बाई मढपासून एसटीत उभी आली होती.

आऱ्या उतरल्यावर रान न हलवायचा तिचा हट्ट कुठून आला, हे तिनं त्याच दिवशी सांगितलं. लग्नाआधी ती आईच्या टोळीत खुरपायला जायची. वस्तीनं बौद्ध धर्म घेतला, त्याच वर्षी एका मोठ्या शेतकऱ्यानं आऱ्या उतरलेल्या भुईमुगात खुरपणी करायला लावली. आई नको म्हणत होती. पीक बुडालं, आणि मालक चावडीवर म्हणाला, "बायांनी मुद्दाम केलं." वस्तीवर गावाचा राग होताच. "त्येंला निमित्त पायजे व्हतं, भाऊ. वर्सभर कुनी कामाला बोलावलं न्हाई. आई मरंस्तवर एकच म्हनायची, सांगनारा सुटतो आन् खुरपनारी सापडती." खुरपणाऱ्या बाईपाशी दुसरं असतं तरी काय? हाताचं नाव. ते एकदा गेलं की घरातली चूल थंड.

हे सगळं ऐकलेला मी. आणि तरीही पुढचं केलं ते मीच.

तात्या नावाचे एक सज्जन, कष्टाळू शेतकरी होते. त्यांच्या एकरभर रानात मी सुधारित भुईमुगाचं प्रात्यक्षिक घेतलं होतं. त्या वर्षी पावसानं महिनाभर पाय शेतात टाकू दिला नाही. उघडीप मिळाली तेव्हा गवत गुडघ्याला लागत होतं, आणि आऱ्या उतरल्या होत्या. त्यातच निरोप आला, आठ दिवसांनी मोठे साहेब प्रात्यक्षिक बघायला येणार. गवतात हरवलेलं ते रान साहेबांना काय दाखवणार?

प्रात्यक्षिकाच्या रानाचं सगळं तात्यांनी माझ्यावर सोडलं होतं, म्हणून मीच ठकुआत्याला बोलावलं. ती काडी घेऊन आत गेली आणि लगेच परत आली. "न्हाई."

"आत्या, नुसतं वरवर. शेत स्वच्छ दिसलं पाहिजे."

"दिसाया पायजे, का शेंग पायजे?"

"या एका शेतावर माझं काम बघणार आहेत. तुम्ही सांभाळून करा. काही झालं तर जबाबदारी माझी."

तिनं मानेनंच नाही म्हटलं. आऱ्या उतरल्यावर रान हलवू नये हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच गावभर वाटलेल्या पुस्तिकेत ते छापलेलं होतं. माहीत असून मी सांगितलं, आणि ती ऐकत नाही म्हटल्यावर म्हणालो, "नाहीतर बाहेरची टोळी आणतो. ते बैलाचं कोळपंच घालतील." याला आपल्याकडं धमकी म्हणतात.

तिनं काडीच्या टोकाची माती अंगठ्यानं पुसली. मग म्हणाली, "बाहेरची टोळी पार वाटुळं करंल. माज्या बाया निदान हळू तरी काडतील. पन भाऊ, सांगनारं तोंड तुमचं. ध्यानात ठेवा."

"ठेवलं," मी म्हणालो.

चार दिवस बाया बोटांनी गवत उपटत होत्या. कितीही हळू काढलं तरी गवताच्या मुळासंगं माती उचलली जायची, मातीसंगं आरी. साहेब आले, आरशासारखं स्वच्छ रान बघून खूश झाले, माझ्या पाठीवर थाप मारली, फोटो निघाला. दसऱ्यानंतर काढणी झाली. हिरवागार पाला हातात यायचा आणि खाली शेंगा पाच-सहा, त्यातल्या दोन पोचट. बाकी नुसते तुटून वाळलेले देठ लोंबत होते.

काढणीला निम्मं गाव जमलं होतं. तात्यांनी एक झाड उपटलं, दुसरं उपटलं, आणि त्यांचा तोल गेला. "बायांनी माती केली माज्या पिकाची! खुरपाया लावलं व्हतं का नांगराया?"

ठकुआत्यानं माझ्याकडं बघितलं. मी काय केलं असेल? मी वहीत बघितलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पुढच्या आठवड्यात अहवाल लिहिला. उत्पादन कमी येण्याचं कारण या रकान्यात लिहिलं, "मजुरांच्या निष्काळजीपणामुळे आऱ्या तुटल्या." एक प्रत तात्यांना दिली. त्यांनी ती कौतुकानं चारचौघांना दाखवली, सरकारी कागद म्हणून.

दोन दिवसांनी ठकुआत्या ग्रामपंचायतीच्या खोलीत माझ्यासमोर उभी राहिली. "त्यो कागद बघू."

मी दिला. तिनं तो टेबलावर पसरला आणि बोट ठेवून वाचायला लागली. प्रौढ वर्गातलं वाचन ते. "म... जु... रां... च्या..." प्रत्येक अक्षरावर बोट थांबायचं. "नि... ष्का..." त्या जोडाक्षराशी ती अडली. मागं गेली, परत आली, परत अडली. मी वाचून दाखवायला हवं होतं की नको, मला अजून कळत नाही. शेवटी तिनंच ते फोडलं आणि ओळ पूर्ण केली. मग कागद घडीवर घडी घालून माझ्यापुढं सरकवला.

"अक्षर चांगलं हाय तुमचं, पावणं," ती म्हणाली आणि गेली.

पावणं! आमच्याकडं रस्त्यावरच्या कुठल्याही अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. मला ती दोन वर्षं भाऊ म्हणत होती.

त्या साली गावातल्या कुणी तिच्या टोळीला कामाला बोलावलं नाही. चौदा बाया. ती त्यांना घेऊन पहाटे फाट्यावर जायची आणि टेंपोत उभ्यानं आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या बाजूला. जाऊन-येऊन चार तास. तिथंही घड्याळ पाचच दाखवायचं, घरी पोचायला सात व्हायचे. त्यातल्या दोघी-तिघी लेकुरवाळ्या होत्या. माझं वस्तीत जाणं झालं तर ती चहा टाकायची. बशी पुढं करून म्हणायची, "घ्या पावणं." चार शिव्या दिल्या असत्या तर तो चहा घशाखाली उतरला असता.

पुढच्या पेरणीआधी गावाची बैठक होती. नेहमी ती देवळापुढं व्हायची, वस्तीतल्या बाया कडेला उभ्या राहायच्या. मी ती शाळेच्या पटांगणात ठेवायला लावली आणि ठकुआत्याच्या टोळीला मुद्दाम निरोप धाडला. बियाण्याचं, खताचं बोलून झालं. मग मी उभा राहिलो. म्हणालो, तात्यांच्या रानात आऱ्या उतरल्यावर खुरपणी करायला मी सांगितलं. आत्या नको म्हणत होत्या. पुस्तिकेतलं मला माहीत होतं. अहवालात लिहिलं ते खोटं आहे, आणि तसं मी वर कळवलं आहे.

मागून कुणीतरी खाकरलं. तात्या ताडकन उठले. "आन् आता सांगताय व्हय? वरीस गेल्यावं?"

त्यांचं बरोबर होतं. सगळ्यांच्या माना ठकुआत्याकडं वळल्या. आता ही काय बोलते? तिनं मनगट डोळ्यांपुढं धरलं. "पाच वाजलं. उठा गं," ती बायांना म्हणाली, आणि टोळी निघून गेली.

खात्याकडून मला मेमो आला. त्याचं कौतुक नको, तो यायलाच हवा होता. महत्त्वाचं घडलं ते बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तात्या वस्तीत गेले. उभ्या जन्मात ते त्या गल्लीत गेले नव्हते. तिच्या ओट्यावर बसले, तिनं दिलेला चहा प्यायले, आणि म्हणाले, "आत्या, रान तुमच्या वाटेकडं डोळे लावून बसलंय." तिनं एकच अट घातली, "आऱ्या उतरल्या का न्हाई ह्ये मी सांगनार. तुमी न्हाई, सरकार न्हाई." तेव्हापासून गावात भुईमुगाचा प्रश्न निघाला की म्हणायचे, आत्याची काडी काय म्हणतीय ते बघा.

मला मात्र ती पावणंच म्हणत राहिली. बोलायची, हसायची, चहाला कधी चुकली नाही. पण पावणं. वर्षभरानं माझी तळेघरकडं बदली झाली, भात आणि नाचणीच्या मुलखात. तिथं एसटी कमी आणि चाल जास्त. चालताना डोकं मोकळं असतं, आणि मोकळ्या डोक्यात नको तेच येतं. "म... जु... रां... च्या..." मी किती डोंगर त्या चार अक्षरांवर चढलो असेन.

आळ्याकडं परत गेलो तेव्हा दोन हजार सालही मागं पडलं होतं. शिवार बदललं होतं. जिकडं तिकडं टोमॅटोच्या तारा आणि कांदा. भुईमूग घरच्या तेलापुरता कुठंकुठं राहिला होता. तात्या गेले होते. त्यांच्या मुलानं अर्धा एकर राखला होता. श्रावणातली दुपार होती. बांधावरून जाताना मला ओळखीची पाठ दिसली.

ठकुआत्या ओळीत बसली होती. खूप वाळली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू वाढलेला. घड्याळ मनगटावर होतं, पण सैल होऊन कोपरापाशी घसरलेलं. टोळीत आता सात-आठ बाया होत्या, निम्म्या नव्या. त्या शेताच्या दुसऱ्या अंगाला, पिकाबाहेरच्या मोकळ्या पट्टीत खुरपत तिच्या निकालाची वाट बघत होत्या. तात्यांचा मुलगा तिच्या डोक्याशी उभा राहून घाई करत होता, "आत्या, उद्या पाव्हणे येनारेत. येवढं रान साफ करून टाका ना. अजून उतरल्या नसतील."

"कोन उभं हाय?" तिनं माझ्या दिशेनं विचारलं.

मी नाव सांगितलं. तिनं छत्रीची काडी माझ्यापुढं धरली. "मला दिसंना झालंय. बसा खाली. चपला काडून या."

मी चपला काढल्या आणि तिच्या शेजारी उकिडवा बसलो. काडी फांदीखाली घातली.

"बोटभरच," ती म्हणाली.

बोटभर उचललं. वरच्या पेरांवरच्या आऱ्या अजून लोंबत होत्या. खालच्या, बारीक, जांभळट, एकामागं एक मातीत शिरलेल्या होत्या. तात्यांचा मुलगा वाकून बघत होता. म्हणाला, "साहेब, थोड्याच दिसतायत की. चालंल न्हवं आजचा दिवस?"

मी पुढची फांदी उचलली. त्याच्या पुढची. पाच-सहा झाडं झाली. ठकुआत्या माझ्याकडं तोंड करून बसली होती, डोळे मात्र भलतीकडंच.

"उतरल्यात, आत्या," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी हाक दिली. आवाज तेवढा पूर्वीचाच होता.

"उठा गं! भाऊ म्हनतोय, आऱ्या उतरल्यात."

पाचाला अजून दोन तास होते. बायांनी एकमेकींकडं बघितलं, खुरप्यांची माती काढली आणि एकेक जण बांधाकडं निघाली. तात्यांचा मुलगा काहीतरी पुटपुटत बाजूला झाला. मी तिथंच काडी धरून खाली मान घालून बसून राहिलो. उठलो असतो तर सगळ्यांना माझं तोंड दिसलं असतं, आणि त्या दिवशी वही जवळ नव्हती.